त्सेकोचं दार

"एकही नवी वीट आणणार नाही! नवा खिळासुद्धा आणणार नाही!"

मिन्कोने हे एप्रिल महिन्यात, गावच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून जाहीर केलं, तेव्हा त्याच्या हातात राकियाचा पहिलाच पेला होता. म्हणजे बोलणं शुद्धीवरचं होतं. नंतर नाकारायची सोय नव्हती.

बाकावर शेजारी कांचो बसला होता. कांचो त्याचा शाळेपासूनचा मित्र. गेली वीस वर्षं दोल्ना क्रुशा गावातल्या सगळ्या कबरी तोच खणतो. अशा माणसाला कुणाच्याच मोठ्या बेतांचं कौतुक राहत नाही.

"खिळासुद्धा नाही? मग काय थुंकी लावून चिकटवणार?"

"वर गोर्ना क्रुशात चाळीस घरं रिकामी पडलीत," मिन्को म्हणाला. "शाळा पडली. दूध डेअरी पडली. अरे, तिथे एक अख्खी खोली सुट्या भागांत पडून आहे! मी फक्त जुळवणार."

"वय किती तुझं?"

"बहात्तर."

"मग तूही सुट्या भागांतच आहेस की."

मिन्कोने पेला संपवला. आता माघार नाही!

या सगळ्याला कारण होती त्याची मुलगी नेदा. नेदा सोफियाला राहते, सातव्या मजल्यावर. मिन्कोची बायको स्तोयना दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या हिवाळ्यात मिन्को त्या मोठ्या घरात एकटा राहिला आणि छातीत कफ भरून पडला. मग नेदा येऊन त्याला सोफियाला घेऊन गेली. तिथे तो नऊ आठवडे होता. खायला होतं, प्यायला होतं, नळाला गरम पाणी होतं. पण खिडकीतून खाली पाहिलं की माणसांची फक्त डोकी दिसायची, आणि त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं. लिफ्टमध्ये तो प्रत्येकाला "नमस्कार, कुणाचे तुम्ही?" असं विचारायचा. लोक मधल्याच मजल्यावर उतरून जायचे.

मार्चमध्ये नेदाने त्याला गावी आणून सोडलं आणि दम भरला.

"बाबा, ते मोठं घर म्हणजे बर्फाचा कारखाना आहे. एक खोली अशी दाखव, जी गळत नाही, जिच्यात वारा शिरत नाही आणि धूर कोंडत नाही. संत दिमितारच्या सणापर्यंत वेळ देते. नाहीतर कायमचं सोफियाला यायचं. मग एक शब्द बोलायचा नाही."

संत दिमितारचा सण येतो सव्वीस ऑक्टोबरला. पूर्वी गडीमाणसांचा वर्षाचा करार त्या दिवशी संपायचा. मिन्कोच्या पोरीने बापाचा करारही त्याच दिवशी संपवायचं ठरवलं होतं.

मिन्को अंगणात, मोठ्या घराशेजारी, नवी खोली बांधायच्या कामाला लागला. सरपंचबाई वेलिकाने त्याला शिक्का मारून कागद दिला: पडलेलं ते घे, उभं असेल त्याला हात लावू नको. मार्को नावाचं गाढव आणि दोन चाकांची गाडी घेऊन तो रोज वरच्या गावी जाऊ लागला. शाळेच्या विटा आणल्या. एकेक वीट मांडीवर घेऊन छोट्या कुऱ्हाडीने तिचा जुना चुना तासला. डेअरीच्या खिडक्या आणल्या. त्यांच्या काचा दुधी होत्या, उजेड आत यायचा पण आतलं काही दिसायचं नाही. ऊन पडलं की चौकटींना अजून दह्याचा वास यायचा. कौलं अकरा घरांची होती. त्यामुळे छप्पर लांबून रोगट कोंबडीसारखं दिसायचं, पण थेंब गळत नव्हता!

जमिनीला फळ्या लावल्या त्या गोर्ना क्रुशाच्या नाट्यगृहातल्या रंगमंचाच्या. एका फळीवर लाल रंगाची फुली होती. नाटकात नायकाने मरून पडायची ती जागा. मिन्कोने पलंग तिथेच ठेवायचं ठरवलं. पलंग मावतो की नाही बघायला तो फुलीवर उताणा पडला. पण पडल्यावर स्वतःच्या टाचेपाशी खूण कशी करणार? तेवढ्यात दारावरून शेजारची कुनामावशी चालली होती. मावशीचं वय सत्त्याऐंशी, कान अर्धे गेलेले, चष्मा कायम घरी विसरलेला.

"मावशी! जरा ये आत! माझ्या डोक्यापाशी आणि टाचेपाशी खडूने रेघ मार बघू!"

"काय करतोयस रे लेकरा?"

"माप घेतोय. आता इथेच पडायचं, शेवटपर्यंत."

मावशीने रेघा मारल्या, छातीवर क्रूस केला आणि काही न बोलता निघून गेली. मिन्कोला वाटलं, बाईला घाई असेल.

राहिलं होतं दार. आणि दारात मिन्कोचं नशीब उघडलं! वरच्या गावात पिंपं बनवणारा त्सेको होता. त्याच्या पडक्या घराचं दार अजून जसंच्या तसं होतं. ओकचं, चार बोटं जाड, पिंपवाल्याने स्वतः बनवलेलं. त्सेकोची मुलं स्पेनमध्ये. फोनवर म्हणाली, "न्या काका, आम्हाला इथे कुठे लावायचंय?" ते दार उतरवायला मिन्को आणि कांचोला पूर्ण दिवस लागला आणि गाढव दोन दिवस रुसलं.

त्या दारावर बाहेरच्या बाजूने निधनाचा कागद चिकटवलेला होता. त्सेकोचा. वर फोटो, काळी चौकट, खाली दोन ओळी. मुलांनी प्रेमापोटी वरून वॉर्निशचा हात मारला होता. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या उन्हापावसात कागद टिकला होता, फक्त तपकिरी झाला होता. फोटोत आता एक टोपी आणि एक मिशी एवढंच शिल्लक होतं. आमच्याकडच्या कुठल्याही पुरुषाच्या वर्णनाला याहून जास्त लागत नाही.

मिन्कोने तो कागद पाहिला नाही असं नाही. पाहिला. पण क्रुशात दारावर कागद असतोच. माणूस गेला की एक लागतो, चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, मग वर्षाचा, आणि तोवर घरातलं दुसरं कुणीतरी तयारीला लागलेलं असतं. मिन्कोच्या मोठ्या घराच्या दारावर स्तोयनाचे चार कागद त्यानेच लावले होते. रोज त्यांच्यासमोरून तो आत-बाहेर करायचा. कागद नसलेलं दारच त्याला कसं तरी उघडं वाटलं असतं. खरवडून काढू सावकाश, असं म्हणून त्याने दार बिजागऱ्यांवर चढवलं, आणि सामान आत न्यायला सोपं जावं म्हणून पूर्ण उघडून भिंतीला टेकवून ठेवलं. कागदाचं तोंड भिंतीकडे गेलं. तीन आठवडे तो कुणालाच दिसला नाही.

दार बंद केल्यावर वरच्या फटीतून वारा येणार हे उघड होतं. तिथे त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून आडवी ठोकली. तिची दोन टोकं दोन्ही बाजूंना लोंबत राहिली. काळी, वीतभर लांब. लांबून बघणाऱ्याला ती काय वाटली असेल ते पुढे कळेलच.

सणाच्या दिवशी सकाळी मिन्को सहाला उठला. नेदा दुपारी येणार होती. सगळं तयार! त्याने नव्या खोलीतली विटांची चूल पेटवली, आणि चुलीच्या सांध्यासांध्यांतून धूर येऊ लागला. उन्हाळ्यात लिंपलेली माती वाळून तडकली होती. ओढ्याकाठची माती ती, तिच्यात अर्धी वाळू. चुलीला पिवळी चिकण माती लागते, आणि ती वरच्या गावापलीकडच्या खाणीत मिळते. जायला दोन तास, यायला दोन तास, खणायला एक. जमण्यासारखं होतं!

खोली गरम राहावी म्हणून त्याने निखारे राखेखाली झाकले. फोन चार्जिंगला लावला. बाहेर आला, हातात फावडं आणि पोती असल्याने दार पायाने ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मार्कोला घेऊन निघाला. दार पहिल्यांदाच बंद झालं होतं. रस्त्याकडे तोंड करून.

आठ वाजता कुनामावशी पाव आणायला निघाली.

तिला दिसलं ते एवढं: मिन्कोच्या नव्या खोलीचं दार बंद, वर सुतकाच्या घरावर लावतात तशी काळी पट्टी, मधोमध काळ्या चौकटीचा कागद, कागदात टोपी आणि मिशी. खाली काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही. चष्मा नव्हता हे एक. आणि ज्याच्या त्याच्या दारावरचा कागद कोण वाचतं? घर कुणाचं ते ठाऊक असतंच की!

"गेला!" मावशी म्हणाली, आणि तिथूनच ओरडत सुटली. "वेलिका! अगं वेलिका! मिन्को गेला!"

सरपंचबाई कोटाची एकच बाही घालून बाहेर आल्या. "कुठे गेला?"

"वर!"

"वर तर रोजच जातो."

"अगं, देवाकडे! दारावर कागद लागलाय!"

वेलिकाबाई सुशिक्षित. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत. त्यांनी रीतसर खात्री करून घ्यायची म्हणून मिन्कोला फोन लावला. बंद दाराआडून फोन वाजला. वाजला, वाजला, आणि थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. दोघी दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. मावशीला ऐकू येत नव्हतं, पण वेलिकाबाईंचा चेहरा बघून ती रडत होती.

"पण कागद लावला कुणी?" वेलिकाबाईंनी विचारलं.

"कोण लावणार? नेदाने! धुराडं बघ, चूल पेटलीय. पोर पहाटेच आली असणार. बापाला आत नीट झोपवून, कुलूप लावून मयताची पेटी आणायला व्रात्सा शहरात गेली असेल. बिचारी एकटी!" आणि मग मावशीला आठवलं. "वेलिका, त्याला कळलं होतं गं! गेल्याच महिन्यात त्याने माझ्याकडून माप काढून घेतलं. म्हणाला, आता इथेच पडायचं! उताणा पडून म्हणाला!"

यानंतर शंकेला जागाच उरली नाही.

वेलिकाबाईंनी नेदाला फोन लावला. नेदा त्या वेळी दरीच्या रस्त्यावर गाडी चालवत होती, आणि दरीत फोनला सिग्नल मिळत नाही. फोन लागत नाही म्हणजे पोर फोन घ्यायच्या मनःस्थितीत नाही, असा अर्थ काढून वेलिकाबाईंनी पुढचं स्वतःकडे घेतलं. सणासाठी शेजारच्या गावी आलेल्या पाद्रीबुवांना बोलावलं. घंटा वाजवायला माणूस पाठवला. कुनामावशीने मोठ्या पातेल्यात गहू शिजत घातले. मेलेल्याच्या नावाने साखर-अक्रोड घालून वाटायचे ते गहू. आणि कांचोला निरोप गेला.

कांचोने निरोप ऐकला. कुदळ उचलली आणि स्मशानात गेला. तिथे जागा शोधायची गरज नव्हती. स्तोयनाच्या दगडावर तिच्या नावाशेजारी मिन्कोचं नाव आणि जन्माचं साल दोन वर्षांपूर्वीच कोरलेलं होतं. आमच्याकडे नवरा-बायकोचा दगड एकच असतो, मागे राहिलेल्याने फक्त उरलेली तारीख पुरवायची. कांचोने कोट काढला आणि खणायला घेतलं. खणताना तो मिन्कोला मोठ्याने शिव्या देत होता, असं नंतर दोघातिघांनी सांगितलं. डोळे पुसायला मात्र तो अधूनमधून थांबत होता म्हणे. कांचो म्हणतो घाम होता.

वर खाणीत मिन्कोने घंटा ऐकली.

एकेक ठोका, सावकाश. म्हणजे कुणीतरी गेलं. तो फावड्याला टेकून उभा राहिला आणि बोटांवर मोजू लागला. गावात उरलेत त्रेसष्ट जण. आजारी कोण? कुणीच नाही. म्हातारं कोण? सगळेच! पण सगळ्यांत म्हातारी कोण?

"अरेरे," तो गाढवाला म्हणाला. "कुनामावशी गेली."

गेल्याच महिन्यात येऊन रेघा मारून गेली होती, काही न बोलता. तिला जाणीव झाली असणार! मिन्कोला वाईट वाटलं. त्याने पोती भरली, गाडीत टाकली, आणि उतरताना त्सेकोच्या पडक्या अंगणातून शेवंतीची दोन फुलं तोडली. मेलेल्याला फुलं सम द्यायची, जित्याला विषम. मग विचार करून आणखी दोन तोडली. मावशीने स्तोयनाच्या आजारपणात बारा दिवस सूप आणून दिलं होतं.

नेदा दुपारी एकला पोचली. स्वतःच्या घरासमोर चाळीसेक माणसं टोप्या काढून उभी असलेली तिला दिसली. गाडीतून उतरते तोच वेलिकाबाईंनी तिला मिठी मारली.

"धीर धर, पोरी. पेटी मिळाली का?"

"कसली पेटी?"

"बापाची गं!"

नेदाने दाराकडे पाहिलं. कागद, काळी पट्टी, मिशी, टोपी.  माणसांना ढकलत ती दारापर्यंत गेली आणि दोन्ही मुठींनी दार बडवू लागली. "बाबा! बाबा, दार उघड!" ते त्सेकोचं दार. चाळीस माणसांनी धडका मारल्या असत्या तरी हललं नसतं. ती बडवत राहिली, मग कपाळ दाराला टेकून उभी राहिली, आणि त्यामुळे कागद तिच्या नाकासमोर आला. नेदा शहरात राहणारी. समोर आलेलं वाचायची तिला सवय.

"'एक वर्ष झालं,'" तिने वाचलं, "'आमचे प्रिय वडील त्सेको...'" ती वळली. "हा त्सेको कोण?"

लोकांनी माना उंचावून कागदाकडे पाहिलं.

"पिंपवाला," मागून कुणीतरी म्हणालं. "वरच्या गावचा. तो जाऊन वीस वर्षं झाली असतील."

"आणि माझा बाप कुठाय?"

चाळीस माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. वेलिकाबाईंनी वर आभाळाकडे पाहिलं. पाद्रीबुवांनी पुस्तक हळूच मिटलं.

तेवढ्यात मिन्को मागच्या वाटेने अंगणात शिरला. गर्दी त्याच्याच अंगणात बघून त्याला नवल वाटलं नाही, मावशीचं घर शेजारीच होतं. त्याने गाढव ओढ्याच्या कडेला उभं केलं, टोपी काढली आणि चार फुलं घेऊन मागच्या रांगेत उभा राहिला. पुढे काय चाललंय याचा पत्ता मागे अजून पोचला नव्हता. गहू वाटणारी म्हातारी मान खाली घालून एकेकाच्या ओंजळीत चमचा उपडा करत आली. मिन्कोने ओंजळ पुढे केली.

"देव क्षमा करो," म्हातारी म्हणाली.

"देव क्षमा करो," मिन्को म्हणाला. "चांगली होती मावशी."

म्हातारीने मान वर केली.

मिन्कोने तिच्याकडे पाहिलं. ज्या बाईचे गहू खातोय, तीच बाई गहू वाढतेय! आणि मावशीने पाहिलं, की ज्याचे गहू वाढतेय, तोच ओंजळ धरून उभा आहे!

दोघेही एकदमच किंचाळले.

मावशीच्या हातून पातेलं सुटलं. मिन्कोच्या हातून फुलं. त्या आवाजाने मार्को असा उधळला की गाडी ओढ्यात उलटली, आणि पोत्यांतली पिवळी माती पाण्याबरोबर वाहून गेली.

मग नेदा आली. मिन्कोला वाटलं, पोरगी गळ्यात पडणार. त्याने हात पसरले. तिने खांद्यावरची पर्स काढून त्याच्या दंडावर हाणली.

"दहा मिनिटं! दहा मिनिटं मला बाप नव्हता, कळतंय तुला? फोन घरात! दाराला कुलूप! मेलायस की जिवंत आहेस हे गावात एकालाही माहीत नाही! आणि तुला इथे एकट्याला ठेवू मी?"

"मातीला गेलो होतो गं."

"तेच तर सगळे म्हणत होते!"

मिन्को दंड चोळत राहिला.

"कपडे भर," नेदा म्हणाली. "संध्याकाळी निघायचं."

गावकरी खाली बघू लागले. पाद्रीबुवांनी घसा खाकरला. ते नवीन होते, तालुक्याहून आलेले, आणि त्यांना आणखी दोन गावं करायची होती. "एक अडचण आहे," ते म्हणाले. "घंटा वाजली, गहू झाले, लोक जमले. आता कुणासाठी तरी प्रार्थना करायला हवी. हे परत घेता येत नाही."

"त्सेकोची करा," मिन्को म्हणाला. "वाया कशाला घालवायचं?"

त्सेकोची प्रार्थना झाली. एकोणीस वर्षांत त्याच्यासाठी एवढी माणसं जमली नव्हती. प्रार्थना अर्ध्यावर आल्यावर कुनामावशीला नाव ऐकू गेलं. "त्सेको? पिंपवाला त्सेको?" ती म्हणाली. "तो कधी गेला? मला कुणी सांगितलं कसं नाही?" आणि ती पायरीवर बसून दिवसभरातलं सगळ्यांत खरं रडणं रडली. का, ते कुणी विचारलं नाही. सत्तर वर्षांपूर्वीचं काही असेल.

वेलिकाबाईंनी मिन्कोसाठी आणलेल्या सहा गुलाबांतला एक काढून स्वतःच्या कोटाला लावला आणि उरलेले पाच त्याच्या हातात दिले. "घे. आता चालतील."

वारा सुटला होता. नेदा सोफियातल्या नातेवाइकांना फोन करायला गाडीत जाऊन बसली. गाडी चालवताना तिने न पाहिलेले वेलिकाबाईंचे अकरा निरोप तिच्या फोनवर पडून होते, आणि तेवढेच तिच्या मावस बहिणींनाही गेले होते. मिन्कोने कुलूप काढून लोकांना आत घेतलं. आत खोली उबदार होती, छप्पर कोरडं होतं, खिडकीतून वाऱ्याची सुईसुद्धा येत नव्हती. फक्त समोरचा माणूस दिसत नव्हता. राखेखालचे निखारे सकाळपासून धुमसत होते, आणि धूर चुलीच्या तड्यांतून खोलीत भरला होता.

लोक खोकत बाहेर आले. मिन्को पलंगावर बसून राहिला. माती ओढ्यात गेली होती. खाणीत जाऊन यायला पाच तास. नेदाचा फोन संपायला पाच मिनिटं. त्याने भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग पलंगाखालून पेटी ओढली आणि तिच्यात शर्ट ठेवला.

तेवढ्यात दारात कांचो उभा राहिला. स्मशान गावाबाहेर, तिथपर्यंत बातमी उशिराच पोचली होती. तो गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला होता.

"आहेस तर!" तो म्हणाला. "चार तास! चार तास खणतोय मी तिथे! कंबर गेली माझी! आणि तू इथे बसून कपड्यांच्या घड्या घालतोस!"

"चुकलं माझं."

"माती तरी बरी घ्यायचीस! तुझ्या जागेतली माती म्हणजे डिंक आहे नुसता! फावडं मारलं की सुटत नाही. बूट बघ माझे!"

मिन्कोने बूट बघितले. मग वाकला, कांचोच्या टाचेवरची मूठभर माती काढली आणि तळहातावर वळली. पिवळी होती. वाळूचा कण नाही. त्याने तिची करंगळीएवढी वळी केली आणि वाकवली. तडकली नाही. पार कड्यासारखी वाकली, तरी तडकली नाही.

"कांचो," तो म्हणाला, "अशी किती आहे?"

"किती म्हणजे? माणूसभर आहे!"

"गाडा कुठाय तुझा?"

कांचोने तोंड उघडलं, मिटलं, आणि पळत सुटला. कंबर गेली होती तरी पळाला. दोन गाडे माती आली. एक वेलिकाबाईंनी ढकलत आणला, पायात सणाचे बूट घालून. मिन्कोने पाणी घातलं, कांचोने पायांनी तुडवली, कुनामावशीने चष्म्याशिवाय, बोटांनी चाचपत, चुलीचा एकेक सांधा भरला. सत्तर वर्षं ती हेच करत आली होती. पाद्रीबुवा बाही वर करून बादल्या भरत होते. दोन गावं राहिली ती राहिलीच.

नेदा फोन आटपून आत आली, तेव्हा चुलीत लाकडं तडतडत होती आणि खोलीत धुराचा मागमूस नव्हता. तिने छताकडे पाहिलं. खिडकीच्या फटीवर तळहात धरला. चुलीभोवती फिरून प्रत्येक सांध्यापाशी नाक नेलं. सगळं गाव श्वास रोखून तिच्यामागे फिरत होतं. मग ती पलंगावर बसली, आणि थोड्या वेळाने कोट काढून तिने खिळ्याला अडकवला.

"हा हिवाळा," ती म्हणाली. "फक्त हा हिवाळा. आणि फोन खिशात."

"खिशात," मिन्को म्हणाला.

"चूल मात्र छान लिंपलीय बाबा. माती कुठली ही?"

वेलिकाबाईंना एकाएकी छताची लाकडं बघावीशी वाटली. पाद्रीबुवांना बादली रिकामी करायची आठवण झाली.

"आपल्याच जागेतली," मिन्को म्हणाला. "तुझ्या आईच्या फुलांशेजारची."

"म्हणजे बागेतली? मग थोडी जास्तीची आणून ठेव ना. वसंतात पुन्हा लागेल."

"आणायची कशाला?" कांचो चिखलाचे हात पुसत म्हणाला. "खड्डा उघडाच ठेवतो. लागेल तेव्हा जाईल तो."

"बुजव तू," मिन्को घाईघाईने म्हणाला. "मला एवढ्यात नाही लागायची."